मापसाहेब मशीन घेतात

मापसाहेबांना मशीन घ्यायचंच नव्हतं. हे ते आजही सांगतात, आणि सांगताना त्यांचा हात मशीनवरच ठेवलेला असतो. त्यांना फक्त एक टेबल करायचं होतं. लेकीसाठी, सहा माणसं जेवायला बसतील असं, स्वतःच्या हाताने. आता सहा माणसांच्या टेबलासाठी दोनशे ऐंशी किलोचं यंत्र कशाला, असं तुम्ही त्यांना विचारू नका. मी एकदा विचारलं होतं. माझी अख्खी दुपार गेली.

मापसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर आहे. गल्लीत, बाजारात आणि बायकोच्या माहेरीसुद्धा ते मापसाहेबच. बत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे तराजू तपासले. ते बाजाराच्या एका टोकाला दिसले की दुसऱ्या टोकाचे काटे आपोआप सरळ व्हायचे. त्यांनी कुणाचा फुकटचा चहा कधी घेतला नाही आणि कुणाला दोन ग्रॅमसुद्धा कधी सोडले नाहीत. असा माणूस असला की त्याला मान खूप मिळतो, पण घरी जेवायला कुणी बोलवत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सुतारकाम सुरू केलं. मागची खोली रिकामी केली, करवती आणल्या, पटाशा आणल्या, हातरंधे आणले, आणि सहा महिन्यांत पुस्तकांचं एक शेल्फ उभं केलं. शेल्फ मजबूत होतं, त्याबद्दल वाद नाही. फक्त त्यावर कुठलीही गोल वस्तू ठेवली की ती हळूहळू उजवीकडे निघायची. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यावर औषधाची बाटली ठेवणं पहिल्या आठवड्यातच सोडून दिलं. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती, कुठे बोलायचं नाही हे त्यांना कळत होतं.

मग एका रविवारी लेक आणि जावई जेवायला आले. त्यांनी तिसऱ्या मजल्यावर छोटंसं घर घेतलं होतं आणि तीन महिन्यांनी राहायला जायचं होतं. त्या दिवशी काकूंचा भाऊही आला होता. त्याचं फर्निचरचं मोठं दुकान आहे आणि तो बोलतोही दुकानात बोलल्यासारखाच.

"जेवणाच्या टेबलाची काळजी करायची नाही. मामाकडून काचेचं टेबल."

"नको मामा," लेक म्हणाली. "टेबल बाबा करणार आहेत."

हे बाबांनाही नवीनच होतं. मापसाहेबांचा घास हातातच राहिला आणि छाती मात्र दोन बोटं वर आली. मेहुण्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा शेल्फकडे पाहिलं, मग उठून बॅटरीचा एक सेल घेतला आणि शेल्फच्या डाव्या टोकाला ठेवला. सेल निघाला. सगळं घर जेवण थांबवून त्याच्याकडे बघत राहिलं. उजव्या टोकाला पोचून तो खाली पडला, तेव्हा मेहुण्याने तो झेलला आणि अगदी प्रेमाने म्हणाला, "दाजी, तुम्ही कराच टेबल. मी आपलं एक काचेचं बाजूला काढून ठेवतो. लागलं तर."

हे 'लागलं तर' मापसाहेबांना इतकं झोंबलं की त्यांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ते लाकडाच्या वखारीत गेले आणि दोन मीटर लांबीच्या सात फळ्या घेऊन आले.

आता फळी दिसायला सरळ दिसते, पण ती सरळ नसते. काही फळ्यांना बाक असतो, काहींना पीळ असतो, आणि काहींना दोन्ही असून वर गाठीही असतात. अशा सात फळ्या कडेला कड लावून जोडायच्या तर प्रत्येक फळीची बाजू आरशासारखी सपाट लागते. मापसाहेबांनी आठ दिवस हाताने रंधा मारला. आठ दिवसांनी खांदा धरला, खोलीत गुडघाभर सालपटं साचली, आणि फळी अजूनही जमिनीवर ठेवली की एका कोपऱ्याने टकटक करत होती. "दार वाजतंय का?" असं काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या. तिसऱ्यांदा त्यांनी ते विचारलं तेव्हा मापसाहेबांनी रंधा खाली ठेवला आणि मशीन घ्यायचं ठरवलं.

मशीन म्हणजे दोन कामं करणारं एकच यंत्र. फळी आधी त्याच्या वरच्या लोखंडी पाटांवरून ढकलायची, मधल्या फिरत्या पात्यांनी खालची बाजू सपाट होते. मग ते पाट उचलून उभे करायचे आणि तीच फळी पात्यांच्या खालून घालायची, म्हणजे तिची जाडी इथून तिथपर्यंत एकसारखी होते. ऐकायला सोपं आहे. निवडायला मात्र तसं नाही, कारण मापसाहेबांनी ही गोष्ट सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींच्या बाकावर बोलून दाखवली.

बाकावर त्या दिवशी निवृत्त इंजिन ड्रायव्हर, दातांचे डॉक्टर आणि शेजारचे ड्रिलमास्तर होते. यांपैकी कुणीही आयुष्यात फळी तासलेली नव्हती, त्यामुळे मतं ठाम होती.

"दोन कामांचं एक मशीन कधी घेऊ नये," इंजिन ड्रायव्हर म्हणाले. "आमच्याकडे सोफा-कम-बेड आहे. त्यावर बसताही येत नाही आणि झोपताही येत नाही. दोन वेगळी मशीनं घ्या."

"दोन ठेवायची कुठे?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मी मशीनबद्दल बोलतोय."

दातांच्या डॉक्टरांनी वेगळाच प्रश्न काढला. पाती कशी आहेत? सरळ लांब पाती असलेलं एक मशीन मिळतं, आणि दुसरं असं की त्याच्या रुळावर छोटी छोटी चौकोनी दातांसारखी पाती ओळीने बसवलेली असतात. डॉक्टरांना कॅटलॉगमधलं ते दुसरं चित्र इतकं आवडलं की त्यांनी खिशातून भिंग काढलं. "हेच घ्या. एक दात खराब झाला तर तेवढाच बदलायचा. लांब पातं म्हणजे कवळीसारखं, कुठे बिघडलं की सगळं काढा." मग त्यांनी मापसाहेबांना सहज तोंड उघडायला सांगितलं, आणि तो विषय तिथून दाढेवर गेला.

मग ड्रिलमास्तर पुढे सरसावले. शाळेत कवायत शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाले तरी शिट्टी गळ्यातच असते. ते म्हणाले, "मशीन कुठलंही घ्या. आवाज किती करणार, ते सांगा." त्यांचं अंगण मापसाहेबांच्या मागच्या खोलीला अगदी लागून आहे. मापसाहेबांनी आवाजाचा आकडा सांगितला. ड्रिलमास्तरांनी शिट्टी वाजवून दाखवली आणि विचारलं, "यापेक्षा जास्त की कमी?" बाकाच्या आसपासची तीन कुत्री उठून गेली.

शहरात मशीनवाला एकच. मापसाहेबांना त्याच्या दुकानाची पायरी चढताना जरा जड गेलं, कारण बारा वर्षांपूर्वी त्यांनी त्याचा खिळे तोलायचा काटा जप्त केला होता. खरं सांगायचं तर बाजारात असं एकही दुकान नव्हतं की जिथे त्यांनी काही ना काही जप्त केलेलं नव्हतं. मशीनवाल्याने त्यांना दारात पाहिलं, मागे जाऊन काटा आणला, वजनं आणली, शिक्क्याचा दाखला आणला आणि सगळं ओळीने काउंटरवर मांडलं.

"तपासून घ्या."

"मी निवृत्त झालो."

"मग?"

"गिऱ्हाईक म्हणून आलोय."

मशीनवाला खुर्चीत बसला. त्याने पाणी मागवलं, स्वतःसाठी.

यापुढे मापसाहेब त्या दुकानात किती वेळा गेले याचा हिशोब मशीनवाल्याने ठेवला असेल, मी ठेवलेला नाही. ते सोबत मीटरभर लांबीची पोलादी पट्टी न्यायचे. ती पट्टी मशीनच्या पाटांवर आडवी, उभी, तिरकी ठेवायची, आणि पट्टीच्या खाली पातळ कागद सरकतो का ते डोळा जमिनीला समांतर करून बघायचं. सरकला की वहीत नोंद. मशीनवाला 'बारा इंची' म्हणाला की हे म्हणायचे, 'तीनशे पाच मिलिमीटर'. मशीनवाला म्हणाला, 'फार तर अर्ध्या सुताचा फरक असेल', तर हे म्हणायचे, 'सूत हे माप कायद्यात नाही'. पाचव्या खेपेला मशीनवाल्याने हात जोडले.

"साहेब, तुम्ही जावई निवडतानाही एवढं बघितलं नसेल."

यात तथ्य होतं. जावई लेकीने स्वतःच निवडला होता, त्यामुळे मापसाहेबांची निवडायची सगळी हौस तशीच शिल्लक राहिली होती. शेवटी कोपऱ्यातल्या एका हिरव्या मशीनवर कागद कुठेच सरकला नाही. पात्यांना दातही होते. मापसाहेबांनी त्याच्या पाटावरून हात फिरवला आणि त्यांना वाटलं की बत्तीस वर्षांत या बाजारात आपल्याला खरी वस्तू पहिल्यांदाच भेटते आहे.

"याला थ्री-फेज वीज लागेल," मशीनवाला म्हणाला.

आणि मापसाहेब वीज कार्यालयात गेले.

तिथे चार नंबरच्या खिडकीत एक बाई होत्या. त्यांनी मान वर न करता अर्ज दिला. मापसाहेबांनी तो घरी नेऊन तीन पेनं बदलून भरला आणि दुसऱ्या दिवशी परत दिला.

"यंत्र खरेदीची पावती जोडा."

"वीज मिळाल्याशिवाय यंत्र घेऊन काय करू?"

"यंत्र असल्याशिवाय वीज कशाला हवी?"

 हा युक्तिवाद मापसाहेबांना ओळखीचा वाटला; असे कितीतरी त्यांनी स्वतः टेबलाच्या पलीकडे बसून केले होते. 'वापराचा उद्देश' या रकान्यात त्यांनी 'लेकीचं टेबल' असं लिहिलं होतं. बाईंनी ते खोडलं आणि 'घरगुती की व्यापारी' असं विचारलं. त्या रकान्यात लेक बसत नव्हती.

इथपर्यंत सगळं रीतसर चाललं होतं. पावतीचा तिढाही मशीनवाल्याने एक कच्चं पत्रक देऊन सोडवला असता. पण त्याच वेळी मापसाहेबांची नजर अर्जातल्या सातव्या रकान्यावर गेली. 'मीटरपासून यंत्रापर्यंतचं अंतर (फूट)'. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सरकारी अर्जात फूट. शहाण्या माणसाने आकडा लिहून सही ठोकली असती. मापसाहेबांनी दोन पानी हरकत लिहिली, कलमांसकट. सदर अर्जच नियमबाह्य असून तो आधी दुरुस्त करावा, अशी त्यांनी मागणी केली.

बाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "म्हणजे तुमचा अर्ज बाजूला ठेवू का?"

"आधी हरकतीचा निकाल लागू द्या."

हरकत साहेबांकडे गेली, तिथून मोठ्या साहेबांकडे गेली, आणि मोठे साहेब रजेवर गेले. पाच आठवडे गेले. मापसाहेब रोज अकरा वाजता खिडकीपाशी जात आणि तत्त्वाचा प्रश्न असल्याचं सांगून परत येत. सात फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. मेहुण्याचा दर रविवारी फोन येई. "काही घाई नाही दाजी, काचेचं बाजूला काढलेलंच आहे."

एका दुपारी काकूंनी मशीनवाल्याला फोन लावला. "अहो, ते हिरवं मशीन घरातल्या साध्या विजेवर चालणारं मिळत नाही का?"

"मिळतं की. आहे माझ्याकडे. मोटर किंचित लहान, बाकी सगळं तेच."

"मग सांगितलं नाहीत ते?"

"साहेबांनी विचारलं नाही. आणि साहेबांना न विचारता काही सांगायची माझी छाती नाही."

काकूंनी तेच पाठवायला सांगितलं, आणि मशीन चार दिवसांत आलं. त्या सकाळची गोष्ट मापसाहेब अजून सांगतात, म्हणजे अर्धी सांगतात. मागच्या खोलीचं दार सातशे साठ मिलिमीटर. मशीन सातशे चाळीस. बाकावरची सगळी मंडळी बघायला आली होती, आणि अडकणार यावर इंजिन ड्रायव्हर छातीठोकपणे बोलत होते. चार हमालांनी मशीन सरकवलं. ते दोन्ही बाजूंना दहा-दहा मिलिमीटर जागा सोडून, चौकटीला न घासता, लोण्यातून सुरी जावी तसं आत गेलं. मशीनवाला स्वतः आला होता, तोही 'वा' म्हणाला. मापसाहेबांनी पट्टी काखेत मारली आणि सगळ्यांकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना पेन्शन वाढल्यासारखं वाटलं असावं.

आता उरलेली अर्धी मी सांगतो. काकू एक फळी घेऊन दारात आल्या. फळी दोन मीटर, खोली तीन मीटर, आणि मशीन बरोबर मध्यभागी. काकूंनी फळी मशीनच्या पाटावर ठेवली. फळीचं मागचं टोक दाराबाहेर गेलं. त्यांनी फळी पुढे ढकलली. चार हात गेली आणि समोरच्या भिंतीला टेकली.

"अहो, हिने पुढे जायचं कुठे?"

 मापसाहेबांनी दार मोजलं होतं, खोली मोजली होती, मशीन तर पाच वेळा मोजलं होतं. पण जन्मभर त्यांनी जी मापं तपासली ती सगळी एका जागी गप्प उभी असायची. मशीनमधून फळी चालत जाणार आहे, हे मोजायचं राहून गेलं होतं. मशीनवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर छताकडे वळवली. बारा वर्षांचा राग काढायची याहून चांगली संधी त्याला मिळणार नव्हती, पण तो म्हणाला एवढंच, "खिडकी आहे की."

खिडकी होती. मशीन सरकवून खिडकीच्या तोंडाशी नेलं, खाली ठोकळे घालून पाट खिडकीच्या कट्ट्याबरोबर आणले. म्हणजे फळी दाराच्या बाजूने आत शिरणार, पात्यांवरून जाणार आणि खिडकीतून बाहेर पडणार. बाहेर म्हणजे ड्रिलमास्तरांच्या अंगणात, त्यांच्या वाळत घातलेल्या बनियनांमध्ये.

पहिली फळी बाहेर आली तेव्हा ड्रिलमास्तर तिथेच उभे होते.

"मापसाहेब, ही फळी माझ्या हद्दीत सव्वादोन फूट आलेली आहे."

"सहाशे शहाऐंशी मिलिमीटर," आतून आवाज आला.

खरं तर इथे गप्प बसायचं होतं. ड्रिलमास्तर दारातून येऊन खुर्चीत बसले, आणि काकूंनी दोनदा चहा केल्यावर तह झाला. फळी सकाळी नऊ ते अकरा याच वेळात बाहेर येईल. येण्याआधी परवानगी घेईल. आणि शिट्टी वाजल्याशिवाय एक बोटही पुढे सरकणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीला नवाच कार्यक्रम मिळाला. ड्रिलमास्तर अंगणात सावधान उभे. आत मापसाहेब फळी धरून तयार. शिट्टी. "पुढे चल. हळू. हळू म्हटलं ना. डावीकडे ओढ घेतेय, सरळ करा." बत्तीस वर्षं ज्यांनी बाजाराला हुकूम दिले ते आता खिडकीपलीकडच्या शिट्टीवर पावलं टाकत होते. पहिले दोन दिवस त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांच्या लक्षात आलं की फळीचं बाहेर गेलेलं टोक कुणी खाली हात देऊन उचलून धरलं तर शेवटच्या वीतभर भागात पातं खोल जात नाही, आणि ड्रिलमास्तर ते टोक आपणहून, न सांगता, दोन्ही हातांनी अलगद धरत होते. शाळेतल्या लहान मुलांना उड्या मारायला शिकवताना धरावं तसं. मापसाहेबांनी त्याबद्दल आभार मानले नाहीत. फक्त त्या दिवशी फळी अकराला पाच मिनिटं असताना थांबवली.

पाचव्या दिवशी त्यांनी दोन फळ्या एकमेकींवर उभ्या ठेवल्या आणि मागे दिवा धरला. मग हाक मारली.

"अगं, इकडे ये. हे बघ."

काकू हात पुसत आल्या. "काय बघू?"

"दोन फळ्यांच्या मधून काही दिसतंय?"

"नाही बाई."

"उजेडाची रेघसुद्धा नाही?"

"काहीच दिसत नाही."

"तेच बघायला बोलावलं," मापसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा काही झाला की काकू आणखी थोडा वेळ ते काहीच नसलेलं बघत उभ्या राहिल्या.

टेबल झालं. मी ते पाहिलं आहे, आणि मी काही त्यांच्या नात्यातला नाही. सात फळ्या जोडल्यात हे हात फिरवून कळत नाही. चार पाय, प्रत्येक सातशे तीस मिलिमीटर, एकाच्याही उंचीत कागदाचा फरक नाही. मागच्या खोलीत मापसाहेबांनी टेबलावर सपाटी बघायची पाणसळ ठेवली तेव्हा तिच्यातला बुडबुडा मध्यावर येऊन जो बसला तो हललाच नाही. मशीनवाला मुद्दाम बघायला आला, त्याने टेबलाखाली डोकं घालून सगळे सांधे तपासले आणि वर येऊन म्हणाला, "यात मला जप्त करण्यासारखं काही दिसत नाही, साहेब." मापसाहेब हसले. त्यांना असं हसताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

लेक राहायला गेली त्या दिवशी टेबल तिसऱ्या मजल्यावर चढलं. एका बाजूला जावई, एका बाजूला ड्रिलमास्तर, आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर शिट्टी. मेहुणाही आला होता. खाली रस्त्यावर त्याचा टेम्पो उभा होता आणि टेम्पोत पुठ्ठ्यात गुंडाळलेलं काचेचं टेबल होतं. लागलं तर.

स्वयंपाकघराच्या शेजारी, खिडकीखाली, टेबलाला एकच जागा होती. टेबल तिथे ठेवलं. लेकीने दोन्ही तळवे टेकले.

टक.

तिने दुसऱ्या कोपऱ्यावर हात ठेवला. टक. खिडकीकडचा एक पाय हवेत होता.

मेहुण्याने खिडकीतून खाली टेम्पोकडे पाहिलं.   क्षणभर मापसाहेबांना खरंच वाटलं की आपला हात चुकला. मग त्यांनी पिशवीतून पट्टी काढली, पाणसळ काढली आणि गुडघे टेकून फरशी तपासली. खिडकीकडचा कोपरा सहा मिलिमीटर खचलेला होता.

"टेबल बरोबर आहे," ते उठून म्हणाले. "जमीन चुकीची आहे. या, बघा सगळ्यांनी." आणि त्यांनी खरोखरच प्रत्येकाला वाकून बुडबुडा बघायला लावला. ड्रिलमास्तरांनी साक्ष दिली. जावयाने मान हलवली.

"दाजी," मेहुणा समजुतीने म्हणाला, "जमीन चुकली हे मान्य. पण पोरं जेवायला टेबलावरच बसणार ना? त्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घाला, झालं."

पुठ्ठ्याची घडी. तराजूच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली म्हणून त्यांनी किती दुकानांना नोटिसा दिल्या होत्या. मापसाहेबांचा चेहरा बघून लेक पुढे आली आणि त्यांच्या दंडाला धरून हळूच म्हणाली, "बाबा, राहू दे. असंच ठेवू. मला चालेल."

चालेल. हा शब्द बत्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक दुकानात ऐकला होता आणि एकदाही चालवून घेतला नव्हता. पण आज तो लेक म्हणत होती, आणि त्यांचं मन मोडू नये म्हणून म्हणत होती. हे त्यांना सहन झालं नाही. टेबल बरोबर होतं, तेवढं पुरेसं नव्हतं. ते तिच्या घरात उभं राहायला हवं होतं.

"उलटं करा," ते म्हणाले.

टेबल उलटं केलं. मापसाहेबांनी पेन्सिल काढली. खचलेल्या कोपऱ्यातल्या पायाला त्यांनी हात लावला नाही. बाकीच्या तीन पायांवर सहा-सहा मिलिमीटरवर रेघा मारल्या. तीन पाय चूक करायचे, म्हणजे वरचा भाग सरळ राहील. रेघा मारताना हात स्थिर होता. करवत हातात घेतल्यावर मात्र ते थांबले. महिनाभर मिलिमीटरसाठी जीव काढून केलेले ते पाय होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्या खाली बसून पहिला पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून राहिल्या.

मापसाहेबांनी तीन पाय कापले. कड हातरंध्याने साफ केली. जावयाने आणि ड्रिलमास्तरांनी टेबल उचलून सरळ केलं आणि त्याच जागी, त्याच फरशीवर ठेवलं.

लेकीने हात टेकले. काही वाजलं नाही. तिने चारही कोपरे दाबले. मग मेहुणा पुढे आला, त्याने एका कोपऱ्यावर पूर्ण भार टाकला, दुसऱ्यावर टाकला, पाणसळ स्वतः उचलून मध्ये ठेवली आणि बराच वेळ बुडबुड्याकडे बघत राहिला. तो तीस वर्षं टेबलं विकतो. त्याने टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला, आणि खिडकीत जाऊन खाली टेम्पोवाल्याला हात केला, परत जा म्हणून.

"दाजी," तो वळून म्हणाला, "असं माझ्या दुकानात नाही."

 मापसाहेबांनी उगाचच पट्टी पुसली. डोळे पुसायचे तर सगळे बघत होते.

लेक खुर्ची ओढून टेबलाशी बसली. कोपरं टेकवून तिने ते कापलेले तीन तुकडे हातात घेतले, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, आणि हसत म्हणाली, "बाबा, पण आता हे दुसऱ्या कुठल्याच घरात नीट बसणार नाही. आम्ही उद्या घर बदललं तर?"

"मला बोलवायचं," मापसाहेब म्हणाले. "पाय अजून पुष्कळ शिल्लक आहेत."